वळणावरचा लाल दोरा

५ जानेवारी १९७४, शनिवार

आज पोवई नाक्यावर आकाराम सुभेदार पळताना दिसले आणि एकदम पाचगणीचं फाटक आठवलं! १९३२ साल. शाळेची सकाळची घंटा द्यायची पाळी माझी होती. हा खालच्या गावातून दुधाची किटली घेऊन अख्खा चढ पळत यायचा. एके दिवशी सिस्टर किल्ली कुठेतरी विसरल्या. फाटकाच्या आत मी, बाहेर तो. त्यानं खिशातले भाजलेले शेंगदाणे गजांतून पुढे केले. मी घेतले. दोघं चावत उभे राहिलो.

"दूध नासंल."

"नाही नासणार. थंडी आहे."

बोलणं एवढंच. मी तेरा वर्षांची, तो अठराचा. पुढे तो पलटणीत गेला. बऱ्याच वर्षांनी वर्तमानपत्रात फोटो आला — सैन्याच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत दुसरा, फुटलेल्या टाचेनं! मी कात्रण कापून ठेवलं. हे हसून म्हणाले होते, "तुझा दूधवाला!" आता हेही नाहीत. कात्रण आहे.

साठीचे झाले सुभेदार. अजूनही पाठ ताठ.

९ जानेवारी, बुधवार

शर्यतीचे सेक्रेटरी लालासाहेब येऊन गेले. सव्वीस तारखेची घाटशर्यत ठरली. तेरावं वर्ष. पोवई नाका ते यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यावर साडेसहा मैल, आणि तसंच परत. वरच्या वळणावर यंदाही मीच. शाळेतून निवृत्त झाले तरी ही नेमणूक सुटत नाही. "बाई, तुमच्या घड्याळावर आणि तुमच्या शब्दावर कुणी वाद घालत नाही," असं ते म्हणाल्यावर काय बोलणार!

वळणावर येईल त्याच्या मनगटाला लाल दोरा बांधायचा. पहिल्या वर्षी दोघेतिघे अर्ध्या घाटातूनच परत फिरले होते, तेव्हापासूनची ही रीत. दोरा नसेल तर पळणं धरत नाहीत.

बाराही वर्षं सुभेदार पळाले. पहिली दोन वर्षं जिंकले. हल्ली शेवटून दुसरे-तिसरे येतात. वाटेत कुणी बसलेला दिसला की त्याला उठवून बरोबर घेऊन येतात. मला वर लांबून दोन टोप्या एकत्र येताना दिसल्या की समजायचं — एक सुभेदार!

१२ जानेवारी, शनिवार

बनुबाई आल्या. सुभेदारांची बायको. पदरात वांगी. ओट्याशी बसल्या, वांगी एकेक करून काढली आणि मग रडायलाच लागल्या.

"छातीत कळ येतीया, बाई. जिना चढताना कठडा धरून हुबं ऱ्हात्यात. डाक्टर म्हनला सायकलबी चालवायची न्हाई. चिठ्ठी दिली तर ती बंबात घातली!"

मी म्हटलं, लालासाहेबांना सांगते.

"नगा! चारचौघांत नाव काढलं तर घर सोडून जाईल त्यो मानूस. तुमी वर असता. दोरा तुमच्या हातात. तितनं फुडं जाऊ देऊ नगा. जाताना चढ, येताना उतार — मला उताराचं लय भ्या वाटतं."

मी वचन दिलं. देऊन बसले.

१७ जानेवारी, गुरुवार

सकाळी त्यांना रस्त्यात गाठलंच. तब्येतीचं विचारलं.

"बसलो की पाय आखडत्यात. पळलो की मोकळं. एवढंच हाय, बाई."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डाक्टर पळतोय का?" हसले. मग गंभीर झाले. "येकदा तेरा हून जाऊ द्या. मग तुमी म्हनाल तितं बसतो."

मी मान हलवली. हेही वचनच झालं की! एका आठवड्यात दोन, आणि एकमेकांविरुद्ध. सिस्टर ॲग्नेस असत्या तर दोन तास भिंतीकडे तोंड करून उभं केलं असतं.

२४ जानेवारी, गुरुवार

झोप नीट नाही. दोऱ्याचे पन्नास तुकडे कापून ठेवले.

२६ जानेवारी, शनिवार

आजच लिहिते.

वर गार वारा. पाण्याच्या पिंपांची जीप, मी, आणि टेबल. पहिला गडी एक तास होण्याआधीच आला! मग एकेक. एक्केचाळीस दोरे बांधले. प्रत्येक जण हात पुढे करतो, तोंड दुसरीकडे, लगेच पळतो. बांधता बांधता मी सारखी खाली बघत होते. दोन टोप्या दिसत नव्हत्या. शेवटी एकच दिसली.

चालत नव्हते. पळतच होते — पण इतकं हळू, की शेजारून शेळ्या पुढे गेल्या. जवळ आले तेव्हा चेहरा राखेसारखा. ओठ काळेनिळे. मनगट पुढे केलं.

"बांधा, बाई."

मी मूठ मिटली.

"टाइम जातोय."

"सुभेदार, खाली बसा."

"बनीनं सांगितलं व्हय?"

खोटं बोलले असते तर बरं झालं असतं का? "हो," म्हटलं. "आणि मला डोळे आहेत."

हात तसाच पुढे. मला वाटलं, आता हे दोऱ्याशिवायच सुटतील, आणि मी काय धरून ठेवणार! पण त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. एकदाच विचारलं,

"आर्डर हाय का?"

वळणावर उभ्या असलेल्याचा शब्द शेवटचा, हा नियम त्यांनीच पहिल्या वर्षी घालून दिलेला. मी म्हटलं, "हो. ऑर्डर आहे."

झालं. ते मैलाच्या दगडावर बसले. बनियनवरचा नंबर सोडला, चार घड्या घातल्या, टेबलावर ठेवला. जीपमधून खाली येईपर्यंत तोंड दरीकडे. नाक्यावर लोक थांबले होते दरवर्षीसारखे, त्यांच्यासाठी. जीपमधून उतरताना बघून टाळ्या मध्येच थांबल्या. त्या थांबलेल्या टाळ्या!

२८ जानेवारी, सोमवार

घरी गेले. "झोपल्यात," बनुबाई म्हणाल्या. आतून खोकल्याचा आवाज, जागा माणूस खोकतो तसा.

३१ जानेवारी, गुरुवार

त्यांना सांगलीला नेलं. मोठ्या दवाखान्यात. लालासाहेब म्हणाले, "बाई, उतारावर पळाले असते तर तिथंच संपले असते. तुम्ही वाचवलंत." सगळे असंच म्हणतात. कुणी म्हटलं की मला उठून आत जावंसं वाटतं.

६ फेब्रुवारी, बुधवार

एसटीनं सांगलीला गेले. खाट खिडकीजवळ. मला बघितलं आणि भिंतीकडे वळले. मी मोसंबी ठेवली. अर्धा तास बसले. पायांवर पांघरूण होतं, त्याखाली ते पाय इतके बारीक! परतीची गाडी चारची.

१० फेब्रुवारी, रविवार

बारा शर्यती. तेरावी मी घेतली. कशासाठी? खाटेवर पडून छत बघण्यासाठी?

१८ फेब्रुवारी, सोमवार

सुभेदार गेले. पहाटे, सांगलीत. माझ्या एका 'नाही'नं त्यांना मिळाले ते तेवीस दिवस. तेही खाटेवर. पळता पळता गेले असते तर...

पुढे लिहवत नाही.

४ मार्च, सोमवार

तेरावं उरकून बनुबाई आल्या. मी बोलायच्या आधीच त्यांनी माझा हात धरला. "बाई, चाळीस वर्सं संसार केला. पैली पलटन, मग रस्ता. मानूस घरात कवा टेकलाच न्हाई. ह्ये तेवीस दिस खाटंवर पडून माज्याशी बोललं. रोज. ल्हानपणापासनं सगळं सांगितलं. ह्ये दिस मला तुमी दिलं." मग त्यांनी सुभेदारांचं शेवटचं सांगणं बोटांवर मोजत म्हणून दाखवलं. मी तसंच उतरवून घेतलं:

सायकल कवठे महांकाळच्या जावयाला, ज्ञानूला. मेडलं पलटणीत परत धाडायची, लालासाहेब धाडतील. कोट उंब्रजच्या भावाला. घोंगडं बनीला, तिनं ते कुणाला द्यायचं न्हाई. आणि शाळेच्या बाईंना वरचं काम पुन्यांदा देऊ नका. तेरा वर्सं वर हुबं राहून त्यांनी येकालाबी पोचताना बघितलं न्हाई. फुडच्या वर्सापासनं त्यांना खाली शेवटच्या दोरीपाशी खुर्ची द्या.