अंकितच्या नावानं आलेले मेल

४ ऑगस्ट
आला! माझ्या अंकितचा मेल आला! दोन वर्षांनी! "आई, मी बरा आहे. काळजी नको करू." बस, एवढंच.
बापलेकाचं भांडण झालं, बापानं "निघ घरातून" म्हटलं अन् पोरगा निघालाच. फोन बंद, पत्ता नाही. अन् आज मेल दाखवला तर आमचे श्रीधरराव म्हणतात काय – "चांगलं झालं." दगड आहे हा माणूस!

५ ऑगस्ट
शेजारची मोनाली कॉम्प्युटर क्लासात शिकवते. तिले मेल दाखवला तर पोरीचं तोंडच उतरलं. "काकू, हा अंकितदादाचा जुना आयडी नाही. नाव काय, कोणीबी टाकते. आधी असा जीव लावतात, मग लिंक पाठवतात. लिंक दाबू नका, ओटीपी देऊ नका. उत्तरबी देऊ नका – दिलं की त्यायले कळते, इथं कोणी वाचून राहिलं."
माझ्या पोराच्या नावानं! मेले कुठले!

९ ऑगस्ट
तिसरा मेल. लिंक नाही, मागणं नाही. मग हा काहून लिहून राहिला? त्याचीच जास्त भीती वाटते.
हे म्हणाले, "लेकराचाच असन वं. वाईट काहून धरते?"
आता आला पुळका!

१२ ऑगस्ट
नाहीच राहवलं. मोनालीचं न ऐकता विचारलं – तुझ्या पायावरची खूण कशाची? उत्तर आलं: "हुडकेश्वर रोडवर सायकलवरून पडलो. बाबा मागं धावत होते."
बरोबर! माझाच अंकित! ढसाढसा रडली मी.
मोनाली तरी म्हणे, "जपून, काकू." जा वं, म्हटलं. चहासुद्धा नाही विचारला तिले.

१६ ऑगस्ट
आजचा मेल: "गुडघ्याले तेल लावत जा."
गुडघा? मी जिन्यात पडली ती या उन्हाळ्यात! अंकितले कुठून कळलं? मोनालीलेबी सांगितलं नाही मी, उगाच डॉक्टरकडं ओढून नेते म्हणून. या घराबाहेर कोणालेच माहीत नाही.
अन् घरात आम्ही दोघंच.
दुपारी गच्चीवर गेली. हे एका बोटानं काहीतरी टाइप करून राहिले होते. मले पाहिलं अन् फोन झटकन खिशात.
म्हणजे पोरानं एक ओळबी लिहिली नाही. एकबी नाही! इतका राग आला ना – वाटलं, फोनच फेकून द्यावा यायचा.

१७ ऑगस्ट
मोनालीनं दाखवलेलं ब्लॉकचं बटन समोर होतं. नाही दाबलं. उत्तर लिहिलं – "अंकित, तुझ्या बाबानं तुले हाकललं, म्हणून मी त्यायच्याशी दोन वर्षं धड बोलली नाही. त्यायले सांग, आता मी माफ केलं."
पाठवलं. वर गच्चीत फोन वाजला. जेवण वाढून ठेवलं, हाक मारली, तरी हे बराच वेळ खाली आले नाहीत.