दारातून न निघणारं यान

१४ ऑगस्ट २०२५
गणपती मंडळात यंदाच्या यानाच्या आराशीवरून आज वाद. विश्वनाथ अध्यक्ष, पण वाचन शून्य! म्हणतो, "चिंधाभाऊ, यान त्या चंद्रावर उतरवा ना भो. वर बाप्पा बसवू." उतरवा म्हणे! खरं यान उतरणारच नाही. गुरूच्या युरोपा या चंद्राजवळून पुन्हा पुन्हा जाणार, बर्फाखालच्या समुद्राचा अदमास घेणार. तिथे जीव आहे का हेसुद्धा नाही — जगू शकेल का, एवढंच. आरास करीन तर बरोबर करीन.

१७ ऑगस्ट
घरीच यानाचे पंख जोडले. कंपनीत सूत गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या नळ्या, वर निळा कागद. खऱ्याच्या एक दशांश — दहा फूट! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कुसुम वाकून गॅसपाशी जाते.
"बर्फाच्या चंद्राचं सोडा. या खोलीत जीव जगतो का, ते बघा आधी."

२० ऑगस्ट
केदारचा नाशिकहून फोन. दोघंही या म्हणतो, वरची खोली रिकामीच आहे. कुसुमने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं — मुलाच्या घरी पाहुणा होऊन राहणार नाही. इथे नरोलीत, कंपनीत माणसं मला विचारून मशीन उघडतात.
ती यानाखालून वाकून पुन्हा गॅसपाशी गेली.

२४ ऑगस्ट
यान निघत नाही! अर्धं दाराबाहेर येतं, मग गॅलरीच्या जाळीला अडतं. दार मोजलं होतं, वळण नाही. चुकलो कोण, तर मी!
विश्वनाथ हसला. "करवत आणू का, भाऊ?"
पंख कापले की प्रमाण गेलं. नाही कापणार. जेवायलाही यानाखालीच बसलो.

२५ ऑगस्ट
कुसुम पोळ्या लाटताना — "अहो, खरं यान असंच पंख पसरून रॉकेटात घातलं होतं का?"
मिटलेले होते. मला ठाऊक होतं! म्हटलं, "बिजागऱ्या लावायच्याच होत्या."
ती हसलीसुद्धा नाही.

२६ ऑगस्ट
बिजागऱ्या लावल्या, पंख मिटून यान मंडपात. पंख उलगडले, टाळ्या पडल्या. विश्वनाथ म्हणाला, "मानलं भो!" कुसुमची आयडिया, हे सांगायचं राहिलं. तिला बघायला बोलावलं.
"तुम्ही व्हा पुढे."

२८ ऑगस्ट
ड्यूटीवरून आलो. दाराला कुलूप, किल्ली शेजाऱ्यांकडे. देव्हारा रिकामा.
केदारचा फोन — "आई पोचली, पप्पा. कुळदेवाचे टाक इथेच मांडलेत तिने. तुम्ही कधी येता?"