काट्याआधीची मिठी

३ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,
अनेक आशीर्वाद. तुझी लेक काल कार्टच्या, त्या बुटक्या रेसगाड्यांच्या, शर्यतीत पहिली आली आणि बाद झाली. ती घरी काही बोलणार नाही, म्हणून मी लिहिते.

शर्यत संपली की चालकाने हेल्मेटसकट तडक वजनकाट्यावर जायचं. वाटेत त्याला कुणी शिवायचं नाही, काही द्यायचं-घ्यायचं नाही. त्या काट्यावर वजनं करण्यात माझी सगळी नोकरी झाली. काल क्लबचा मिशाळ सेक्रेटरी लाडाने पुढे आला, घामाघूम झालीस गं म्हणाला आणि हेल्मेट स्वतःच काढून घेतलं. हेल्मेटशिवाय वजन किमान मर्यादेपेक्षा कमी भरलं आणि ती बाद. मग पहिला कोण? त्याचा मुलगा. काट्यावर कोण? त्याचा भाचा. मी नियम दाखवला, तर म्हणतो, बाई, तुम्ही आता स्वेटर विणा.

विणते म्हणावं.
तुझी, संतापलेली ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. पोरगी धड जेवत नाही. वर्षाचा कप मिळेल त्यालाच कार्ट बनवणाऱ्या कारखान्याच्या संघात जागा आहे, आणि आता एकच शर्यत उरली. तू भांडू नकोस, तो तिच्यावर डूख धरेल. तुझी जीभ मला ठाऊक आहे.
तुझ्या धाकात वाढलेली,
धाकटी

२ मार्च

प्रिय धाकटीस,
आशीर्वाद. एका शब्दाने भांडले नाही. शेवटच्या शर्यतीला बाहेरचा निरीक्षक काट्याशी उभा असतो. मी फक्त पेपरच्या फोटोग्राफरला सुचवलं, की मुलगा कार्टमधून उतरताक्षणी बापलेकांचा फोटो काय छान येईल.

मुलगा पहिला आला, आपली दुसरी. कॅमेरा दिसताच सेक्रेटरी मिशा पिळत धावला आणि त्याने लेकाला कडकडून मिठी मारली. मग मी, शाळेत नन्सनी घोटवलेल्या गोड आवाजात, निरीक्षकाला विचारलं, की काट्याआधी मिठी मारायची सोय यंदापासून झाली का. पोरगा जागच्या जागी बाद. कप आपला. सेक्रेटरीचा चेहरा बघायला तू हवी होतीस.
तुझी, तृप्त ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. कप पार्सलने पाठवते आहे. लेक म्हणते, तो मावशीने जिंकलाय, मावशीनेच ठेवावा. तो मुलगा कुंपणाशी रडत होता, ते तिने पाहिलं. त्याने तिचं काही बिघडवलं नव्हतं, असं म्हणते. संघातली जागा मात्र घेतली. तिथे तिच्या खालोखाल, राखीव म्हणून, त्यालाही घेतलंय.
रागावू नकोस, माया तेवढीच ठेव.
धाकटी

१८ मार्च

प्रिय धाकटीस,
आशीर्वाद. रागावले नाही. पोरगी माझ्यापेक्षा बरी निघाली, एवढंच.

कप खिडकीत ठेवलाय, रस्त्याकडे तोंड करून. सेक्रेटरीला ट्रॅकवर जायला दुसरी वाट नाही. काल माझ्या दारासमोर त्याने गाडीची काच वर केली. लेकीला सांग, त्या मुलाला ट्रॅकवर हरव आणि हा घेऊन जा. तोवर मी रोज सकाळी, सेक्रेटरीच्या जायच्या वेळेला, कप पुसत बसते.
तुम्हा दोघींची,
ताई