पिल्लाचे पंजे

रविवार, दिवेलागण

करडीहून, आत्याकडून आलो. पिल्लूही माझ्यासोबत परत आलं.

आत्या घरात एकटी, तरी भात दोघांचा रांधते आणि उरलेला दारातल्या म्हाताऱ्या कुत्रीला टाकते. म्हणून वाटलं, तिला सोबतीला एखादं चांगलं कुत्रं द्यावं. वरठीच्या कारखान्यातल्या मित्राकडून हे दोन महिन्यांचं पिल्लू घेतलं.

गोऱ्हा घेताना खूर पाहावेत तसे आत्यानं त्याचे पंजे पाहिले. "लय मोठा होईन हा."

मला वाटलं, धक्का लागून पडायची भीती असेल. गरीब स्वभावाचं आहे, अंगावर उड्या मारत नाही, असं सांगत बसलो. तिनं पंजा हातात धरलेलाच होता.

"किती वर्सं जगते?"

"बारा-तेरा तरी."

"मंग मी गेल्यावर ह्याले कोण भात टाकन?"

मी काय बोललो? लस कधी टोचायची, ते. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग उठून म्हाताऱ्या कुत्रीला भात टाकला. म्हणाली, "मले हेच बरी. आमी दोघी एकाच वयाच्या."

लशीचंच काहून सांगत बसलो मी? आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. तेव्हा 'ह्याले कोण भात टाकन' असं तिनं कोणाला विचारलं होतं?

पिल्लू माझ्या चपलेवर झोपलंय. पंजे खरंच मोठे आहेत.

'मी टाकीन' एवढंच म्हणायचं होतं. मी लशीचं सांगत होतो, तेवढा वेळ तिनं पंजा सोडला नव्हता.