भिंतीवरच्या दोन छोट्या रायफली खाली उतरवण्याबाबत

प्रति,
मा. श्री. प्रभाकर गद्रेसाहेब,
शस्त्र व साहित्य अधिकारी,
मराठी नोकरदार क्रीडासंघ,
शर्क, कुवेत.

विषय : बालनेमबाजांच्या नावावर खरेदी केलेल्या जुन्या लष्करी रायफली निदान एकदा बालनेमबाजांच्या हाती देण्याबाबत.

संदर्भ : १) आपला तोंडी आदेश, "शत्रुघ्न, जास्त शहाणपणा नको", दि. २१ ऑक्टोबर १९८३.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज. पैकी एकावर आपल्या टेबलावर चहाचा कप ठेवलेला अर्जदाराने स्वतः पाहिला आहे.

महोदय,

अर्जदार शत्रुघ्न वाघधरे हा दवाखान्यात एक्स-रे काढतो आणि दर शुक्रवारी सकाळी फहाहीलबाहेरच्या रेंजवर संघाच्या मुलांना नेमबाजी शिकवतो. मुले चार. आजवर ती छऱ्याच्या एकाच बंदुकीवर पाळीपाळीने शिकली. दि. १८ नोव्हेंबरला सोळा वर्षांखालील मुलांची स्पर्धा असून तीत फक्त बावीस बोअरची हलकी रायफल चालते, हे आपणांस दोनदा लेखी व एकदा तोंडी कळवले आहे. हे चौथ्यांदा.

१. जून महिन्यात लष्कराच्या जुन्या साठ्यातील सहा रायफली संघाला सवलतीत मिळाल्या. चार मोठ्या, युद्धातल्या. दोन छोट्या, बावीस बोअरच्या, नवशिक्यांच्या सरावाच्या. विक्रीची अट एकच होती, की माल अठरा वर्षांखालील नेमबाजांसाठीच वापरावा. लष्कराला नको झालेली वस्तू मुलांच्या कामी यावी, या कल्पनेला अर्जदाराचा पाठिंबा होता व आहे. पुढे मुलेच वस्तूच्या कामी आली, ही गोष्ट वेगळी.

२. अटीप्रमाणे बालनेमबाजांची यादी जोडायची होती. चार नावे फार केविलवाणी दिसतात, असे आपले मत पडल्याने यादी सव्वीसांची झाली. तीत नूरीभाभींचा पाच महिन्यांचा मुलगा अनुक्रमांक अकरावर आहे. तो अद्याप मान धरत नाही, नेम कसा धरणार, असे अर्जदाराने विचारले असता "शिकेल हळूहळू" असे उत्तर मिळाले. अनुक्रमांक एकोणीसवर सुरेखा सिस्टरांचे "अपेक्षित बाळ" अशी नोंद आहे. अनुक्रमांक सव्वीसवर कासमभाई, वय एक्कावन्न. त्यांच्यापुढे "मनाने" असा शेरा आहे. प्रशिक्षक म्हणून या यादीवर सही करण्यास अर्जदाराने नकार दिला. तरी सही झालेली आहे. ती अर्जदाराच्या सहीपेक्षा वळणदार आहे, एवढेच तो नमूद करतो.

३. खंडेनवमीला संघाच्या हॉलमध्ये चारही मोठ्या रायफलींची पूजा झाली. पूजेला अर्जदाराचा विरोध नाही. तो स्वतः दरवर्षी एक्स-रे मशीनला हळदकुंकू वाहतो, पण बाहेरून. येथे रायफली नळ्या वर करून भिंतीला टेकवल्या होत्या आणि पन्नास माणसांनी मूठ मूठ अक्षता वरून टाकल्या. त्यानंतर समस्त काकामंडळींनी एकेक रायफल खांद्यावर घेऊन, पोट आत ओढून फोटो काढले. फोटो चालले दीड तास. रिकामी नळी तपासायला एक मिनिट लागते. ते मिनिट कोणाकडेही नव्हते.

४. पुढच्या शुक्रवारी आपण स्वतः रेंजवर आलात व छऱ्याची बंदूक कपाटात कुलूपबंद करून "आता पोरांनी खऱ्या मालावर शिकायचं" असे फर्मावलेत. कु. ताहिरा, वय तेरा, महबूबभाईंची मुलगी, हिने पूजेतली एक मोठी रायफल उचलली. अर्जदाराने ती मध्येच काढून घेतली व सवयीने नळीतून उजेड पाहिला. उजेड दिसला नाही. तेलात भिजलेले कुंकू व तांदूळ यांचा बुचासारखा गोळा आत बसलेला होता. महोदय, त्यावर गोळी सुटली असती तर नळी कोठे फाटली असती आणि ताहिराचा गाल त्या वेळी कोठे टेकलेला असतो, हे आपण शस्त्र अधिकारी असल्याने अर्जदार लिहीत बसत नाही. आपण म्हणालात, "अरे, प्रसादच आहे तो." अर्जदारास त्या क्षणी जी किळस आली तिच्यासाठी शासकीय मराठीत शब्द नाही. शोध चालू आहे.

५. अर्जदाराने तासभर चिंध्या घालून नळी साफ केली. मग आपल्या आग्रहाखातर ताहिराने एक गोळी झाडली. इतका आग्रह तिने नव्हे, अर्जदाराने मोडून काढायला हवा होता, हा त्याचा गुन्हा तो येथे लेखी कबूल करतो. दस्ता तिच्या हाताला लांब, धक्का बैलाचा. ती मागे वाळूत बसली, "इट हर्ट्स, अंकल" म्हणाली आणि खांदा धरून उठून गेली. आपण टाळ्या वाजवल्यात. त्या दिवसापासून ती रेंजवर आलेली नाही. छऱ्याच्या बंदुकीवर दहापैकी नऊ छरे लक्ष्याच्या काळ्या वर्तुळात घालणारी संघातली ही एकटीच. डिसेंबरात ती शाळेसाठी रत्नागिरीस आजीकडे जाणार आहे. तिला दुसरी स्पर्धा नाही.

६. दोन छोट्या रायफली कोठे आहेत, याचा तपास अर्जदाराने केला. फार लांब जावे लागले नाही. त्या आपल्या खुर्चीमागील भिंतीवर, प्लॅस्टिकच्या झेंडूमाळेसह, एकमेकींवर तिरक्या टांगलेल्या आहेत. "मोठ्या भिंतीवर मावत नाहीत रे," असा खुलासा आपण केलात. म्हणजे भिंतीच्या मापाच्या भिंतीला व मुलांच्या मापाच्या नसलेल्या मुलांना, असे हे वाटप आहे.

अर्जदार काल महबूबभाईंच्या घरी गेला होता. ताहिराने दार उघडले नाही. दाराआडूनच "छोटी वाली मिलेगी क्या?" एवढे विचारले. अर्जदार "विचारून सांगतो" म्हणाला. हा अर्ज म्हणजे ते विचारणे होय.

तरी दोन्ही रायफली येत्या शुक्रवारपूर्वी खिळ्यावरून काढून रेंजवर द्याव्यात. भिंत उघडी दिसू नये म्हणून त्या जागी मोठ्या दोन, न मावल्यास वाकड्या, टांगण्यास अर्जदार हातोडी घेऊन स्वखर्चाने येईल. बालनेमबाजांपैकी एकीचा फोटो विक्रेत्यास पाठवायचा असल्याचे आपण कळवले होते. त्याचीही पूर्तता सोबत केली आहे.

आपला, अद्याप तरी, नम्र,
शत्रुघ्न वाघधरे
मानद प्रशिक्षक
फहाहील, दि. ८ नोव्हेंबर १९८३

सोबत :
१) बालनेमबाजांची यादी, सव्वीस नावे. खऱ्या चार नावांखाली रेघ मारली आहे.
२) नळीतून काढलेल्या अक्षता, सात दाणे, पुडीत.
३) कु. ताहिराचा फोटो, आपण मागितल्याप्रमाणे. उजवा खांदा, समोरून, दि. २१ ऑक्टोबर. हाड शाबूत आहे. पाहताना उजेडासमोर धरावा.