ब्लेडचं पाकीट आणि माझे हक्क

४ मार्च, सोमवार. संध्याकाळ.
आज माझ्यावर चोरीचा संशय घेतला गेला. माझ्यावर. एकतीस वर्षं कंपनीचं स्टोअर सांभाळलं, एक स्क्रू इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्या माणसावर.
घडलं ते असं. नवी वस्तू घेताना जुना नमुना सोबत न्यायचा, शेजारी धरून जुळवायचा, मगच घ्यायची, ही माझी नोकरीतली शिस्त. म्हणून गेल्या महिन्यात त्याच सुपरमार्केटातून आणलेलं ब्लेडचं न फोडलेलं पाकीट पिशवीतून नेलं. नवं पाकीट जुळलं नाही, घेतलं नाही. बाहेर पडताना दारातलं मशीन बोंबललं. (आत यायच्या दाराला मशीन नाही, फक्त बाहेर जायच्या. यातच सगळं आलं.) सिक्युरिटीवाल्याने पिशवी मागितली. मी पाकीट काढून दिलं आणि घरून आणलंय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, ब्लेड घरून दुकानात कोण आणतं. याला स्टोअरचं काम काय कळणार.
पाऊण तास उभं केलं. आमच्या वरच्या मजल्यावरचे मास्तर टोमॅटो निवडत सगळं बघत होते. एवढा वेळ कुणी टोमॅटो निवडतं का? शेवटी मॅनेजरबाईंनी पाकीट ठेवून घेतलं आणि बिल दाखवून घेऊन जा म्हणाल्या.
निश्चय: उद्या बिल. परवापर्यंत लेखी माफी. कर नाही त्याला डर कशाला.

५ मार्च, मंगळवार.
बिलांची फाइल काढली. अकरा वर्षांची बिलं, तारखेप्रमाणे. फाइल चोख आहे. फक्त तेवढं एक बिल नाही.
बायकोला विचारलं. ती म्हणाली, तुमच्या फाइलला मी हात लावत नाही, लावला की आठवडाभर चौकशी चालते. उत्तर जरा जास्तच पटकन आलं. घरातही लक्ष ठेवायला हवं.

६ मार्च, बुधवार.
वाचनालयातून ग्राहकांच्या हक्कांवरचं पुस्तक आणलं. अंगाला हात लावू द्यायचा नाही. जबरदस्तीने पिशवी उघडू द्यायची नाही. संशय कशावरून, ते विचारायचं. फारच झालं तर पोलिसांना बोलवा म्हणायचं. सोमवारी मी पिशवी आपणहून उघडून दिली होती. म्हणजे माझे चारही हक्क अजून कोरे आहेत.
नवा प्लॅन: पुन्हा जायचं, पुन्हा अडवून घ्यायचं, आणि यावेळी चारही वापरायचे. बिल लागणारच नाही. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिले. आतून ही विचारते, कुणाशी भांडताय.

९ मार्च, शनिवार.
मोठा कोट घालून गेलो. साबणाच्या रॅकपाशी वीस मिनिटं उगाच घुटमळलो. सिक्युरिटीवाल्याने पाहिलं आणि नमस्कार केला. कंपनीतून पितळेचे नळ गेले तेव्हा सगळ्यांत वाकून नमस्कार करणाराच सापडला होता. दाल में काला आहे, आणि डाळही यांचीच.

१२ मार्च, मंगळवार. रात्री जेवणाआधी.
आज तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीत एक हात पूर्ण वेळ कोटाच्या आत. बिलिंगवालीने बसायला खुर्ची दिली, पाणी हवं का विचारलं. माझ्या अभ्यासाची कुणकुण लागलेली दिसते. घाबरलेत.
त्यांचे कष्ट वाचावेत म्हणून माफीच्या पत्राचा मसुदा मीच केला. 'लज्जित आहोत'च्या आधी 'अत्यंत' घातलं.
मास्तर जिन्यात भेटले. तब्येत कशी आहे, अशी फार प्रेमाने चौकशी केली. आठ वर्षांत पहिल्यांदा.

१५ मार्च, शुक्रवार.
बिल सापडलं. 'नमुने' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये. मीच ठेवलं होतं. पद्धत पक्की असली की असं होतं.
स्वयंपाकघरात हाक मारून सांगितलं. ही म्हणाली, बरं झालं, आता जेवून घ्या. बघायलासुद्धा आली नाही.
उद्या अकराला. बिल, मसुदा, चष्मा.

१६ मार्च, शनिवार. दुपार.
मॅनेजरबाईंच्या टेबलावर बिल ठेवलं. त्यांनी पाहिलंही नाही. काका, राहू द्या, ते कधीच मिटलंय, म्हणाल्या. कसं मिटलं, ते मी विचारलं. तर सहा तारखेला, बुधवारी संध्याकाळी, काकू आल्या होत्या. पाकिटाचे पैसे भरून पाकीट घेऊन गेल्या. हात जोडून म्हणाल्या, ह्यांना पुन्हा चारचौघांत अडवू नका, हातून कधी काही झालं तर मला फोन करा, मी येऊन भरेन. नंबर काउंटरला आतून चिकटवलेला आहे. अक्षर हिचंच.
मी म्हणालो, तारीख बघा, पाकीट माझं होतं. त्या हो हो म्हणाल्या. सिक्युरिटीवाल्याने माझ्यासाठी दार धरून ठेवलं. चार हक्कांपैकी एकही आठवला नाही.
घरी येऊन हिला सरळ विचारलं, तुला वाटलं का मी उचललं. ती शेंगा सोलत राहिली. म्हणाली, तुम्हाला तिथे पाऊण तास उभं केलं, हे मास्तरांकडून ऐकून मला झोप लागली नाही. मी पुन्हा तेच विचारलं. ती म्हणाली, बिल सापडत नव्हतं, तुम्ही आरशाशी भांडत होतात, मी काय समजायचं. मग कपाटातून, आपल्या कपड्यांखालून, पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं.
मला राग यायला हवा होता. रडू येत होतं. छत्तीस वर्षांचा संसार आहे.
मी खिशातून बिल काढून तिच्यापुढे धरलं. मला वाटलं, नको म्हणेल.
तिने हात पुसले, चष्मा लावला, आणि तारखेपासून खालपर्यंत सगळं वाचलं.