मागच्या सीटचा बोल्ट

अरे,

ठकी झोपली होती, घर कसं शांत होतं, आणि वॉशिंग मशीनमध्ये खण्णकन वाजलं. तुझ्या पँटच्या खिशातून हा बोल्ट निघाला. कशाचा असेल, या विचाराने मला चैन पडेना. तेवढ्यात ठकीही उठली. भांडी तशीच टाकली, तिला कडेवर घेतलं आणि तुझ्या लाडक्या दोन दारांच्या गाडीपाशी गेले.

चाकाला लावून पाहिला, बसेना. बॉनेट उघडलं, तिथेही नाही. शेवटी मागच्या सीटखालचं रिकामं भोक ठकीनेच शोधलं. बोल्ट त्यात अलगद फिरला!

मग तुझं परवाचं बोलणं आठवलं, "गाडी जोरात पळवायला नवा सायलेन्सर परवडत नाही, पण वजन उतरवलं तर ती फुकटात पळते." म्हणजे ही सीट जाणार तर! डोकं चालवलंस हं. किती पळते, ते मलाही बघायचंय. पण एवढं हलकं होऊन जायचंय कुठे रे तुला?

माझं ऐकशील तर आधी टायर बदल. माझ्या मामाच्या टकलासारखे गुळगुळीत झालेत. कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे भाव विचारायला निघालेय. बोल्ट चिठ्ठीवर ठेवलाय, पुसून घे, गंजेल.

गाडीत आता दोनच सीट राहणार, असं ठकीला सांगितलं. तिने बोटांवर आपल्या तिघांना मोजलं. आता दारात चपला घालून उभी आहे आणि सारखं एकच विचारतेय:

"मग घरी कोण राहणार, तू का मी?"